इंगळे सरांचं पान

कोणताही कागद हातात आला की इंगळे सर तो आधी उलटा धरत. डोकं खाली, पाय वर असा. हात लांब करून, मान जरा मागे घेऊन ते त्याच्याकडे बघत आणि मग सुलटा करून वाचायला लागत. वर्तमानपत्र असो, मुलांच्या उत्तरपत्रिका असोत, लग्नपत्रिका असो की प्राचार्यांची नोटीस, सगळ्यांना हाच नियम. नव्याने लागलेल्या एका शिपायाने ते पाहून मला हळूच विचारलं होतं, या सरांना वाचता येतं ना? मी ते सरांच्या कानावर घातलं. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. म्हणाले, "अक्षरं दिसली का मानूस वाचायले लागते. मंग पान दिसत नाही. उलटं धरलं का नुसतं पान दिसते."

मी तेव्हा बुलढाण्याच्या कॉलेजात टंकलेखनाचं काम करत होते. महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. कारभार मराठीत करायचा असं वरून सांगणं आलं होतं आणि त्यापाठोपाठ एक मराठी टंकयंत्रही आलं होतं. कार्यालयातली मंडळी नव्या सुनेकडे पाहावं तशी त्याच्याकडे दुरूनच पाहत. मी चिखलीची, मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली, म्हणून ते यंत्र माझ्या पुढ्यात आलं. आणि यंत्राच्या मागोमाग इंगळे सर आले.

ते मराठी शिकवत. गाव देऊळघाट, घरी भाजीपाल्याची शेती. रोज सायकलवर येत. सायकलच्या एका मुठीला पुस्तकांची पिशवी आणि दुसऱ्या मुठीला बहुधा कशाची तरी जुडी, मेथीची नाहीतर आंबाडीची. ती कुणाला तरी द्यायची असे. अंगाने सडपातळ, रंग उन्हातला, धोतर स्वच्छ पण गुडघ्यावर चुरगळलेलं, कारण वर्गावर येण्याआधी एकदा वाफ्यात बसून झालेलं असे. वर्गात ते पुस्तकातली शुद्ध मराठी बोलत, इतकी शुद्ध की पुण्याहून आलेल्या आमच्या प्राचार्यांनाही त्यात काढायला काही सापडत नसे. वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की सर वऱ्हाडीत येत. यात त्यांना कसलीही ओढाताण होत नसे. वहाणा बाहेर काढून देवळात जावं आणि येताना पुन्हा घालाव्या, तितकं ते सहज होतं. फक्त देऊळ कोणतं आणि वहाणा कोणत्या, याबद्दल त्यांचं मत लोकांपेक्षा वेगळं असावं, असं मला पुढे वाटायला लागलं.

पीएच.डी.साठी त्यांनी विषय घेतला होता तो देऊळघाट परिसरात भाजीपाला पिकवणाऱ्या घरांच्या बोलीचा. साहित्यावर, संतांवर, फार तर नाटकावर प्रबंध लिहायचे ते दिवस. माळ्याच्या मळ्यात बोलतात त्या भाषेवर कुणी पदवी मागतं, याचंच लोकांना नवल होतं. सरांनी मात्र त्यासाठी कितीतरी वर्षं गावोगाव फिरून बायाबापड्यांचं बोलणं टिपलं होतं. त्यात सगळ्यात जास्त बोलणं त्यांच्या आईचं होतं. म्हातारीला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. ती तण निंदायला बसली की लेक बांधावर बसून विचारी, याले काय म्हनतं, त्याले काय म्हनतं. ती वैतागून म्हणे, "सरकार तुले पगार देते तो मले इचारायचा देते काय?"

लिखाण पुरं झालं आणि ते टंकित करायची वेळ आली, तेव्हा मला वाटलं होतं की सर कागद आणून देतील आणि मी यंत्रावर बसेन. तसं झालं नाही. त्यांनी एक ओळही टंकित करू दिली नाही.

"आधी वाफा, मंग बी," असं म्हणून त्यांनी समोरची खुर्ची ओढली.

हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. मुलांना निबंध लिहायला सांगतानाही ते हेच म्हणत. पाणी कुठून येणार, कुठे वळणार, कुठे थांबणार हे आधी जमिनीवर आखल्याशिवाय बी टाकणारा माणूस त्यांच्या लेखी शेतकरी नव्हता. विद्यापीठाकडे प्रबंधाच्या स्वरूपाबद्दल एक पत्रक होतं, पण ते इंग्रजीत आणि इंग्रजी प्रबंधांसाठी. समास किती सोडायचा, ओळींत अंतर किती ठेवायचं, तळटीप कुठे द्यायची, सगळं इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने. सरांनी विद्यापीठाला विचारलं की मराठीचं काय. उत्तर आलं की प्रचलित पद्धतीप्रमाणे करावे. मराठीत प्रचलित अशी पद्धतच नव्हती, कारण यंत्रच काल-परवा आलेलं.

मग आम्ही पान आखायला बसलो. कॉलेजचं काम संपलं की दुपारच्या उन्हात कार्यालयाच्या खिडकीशी हा उद्योग चाले. मराठीचा एक त्रास इंग्रजीला नाही. आमच्या अक्षरांना वर वेलांट्या आणि खाली उकार. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. ओळी फार लांब ठेवल्या तर पानावर पाच-सहा माणसं दूर दूर उभी केल्यासारखं दिसतं. दोन्हींच्या मधलं अंतर सापडेपर्यंत सरांनी माझ्याकडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा टंकित करून घेतलं: "काऊन बे, कुठी चालला?" ते वाक्य पहिल्यांदा यंत्रावर उमटलं तेव्हा मला हसू आलं. या यंत्रावर आजवर फक्त "आपला विश्वासू" आणि "सदर अर्जाचा विचार व्हावा" एवढंच उमटलेलं. सर हसले नाहीत. त्यांनी कागद ओढून घेतला, उलटा धरला, आणि ओळी थोड्या जवळ घ्यायला सांगितल्या.

शेवटी पान ठरलं. डावीकडे बांधणीसाठी रुंद समास, वर थोडा कमी, खाली थोडा जास्त. तळटिपेचा आकडा ओळीच्या किंचित वर बसावा म्हणून यंत्राचा रूळ अर्ध्या टप्प्याने फिरवायचा, अशी युक्ती. मग सरांनी बाजारात पत्र्याचं काम करणाऱ्या एकाकडून पत्र्याची चौकट कापून आणली. पानाएवढा पत्रा, मध्ये आयताकृती खिडकी. टंकित झालेल्या प्रत्येक पानावर ती ठेवायची. एकही अक्षर पत्र्याखाली झाकलं जाता कामा नये. झाकलं गेलं तर पान पुन्हा. त्या चौकटीची माझ्या मनात बरेच दिवस दहशत होती.

प्रबंधाचे मार्गदर्शक होते डॉ. राजोपाध्ये. विद्यापीठाच्या गावी राहत. गोरे, शांत, मधुमेहाने थकलेले, बोलणं इतकं मृदू की नकार दिलेलासुद्धा ऐकणाऱ्याला उशिरा कळे. इंगळे सरांना त्यांच्याबद्दल आदर होता आणि तो पुढच्या सगळ्या प्रकारातही कमी झाला नाही, हे सांगायला हवं. डॉक्टरसाहेबांचं म्हणणं होतं की प्रबंधाच्या मुख्य मजकुरात प्रमाण मराठीत अर्थ द्यावा, विवेचन करावं, आणि बोलीतली मूळ वाक्यं तळटिपेत घालावीत. पद्धत तशीच होती. सरांनी मान्य केलं आणि मी त्याप्रमाणे टंकलेखन सुरू केलं.

एक उदाहरण देते म्हणजे प्रकार लक्षात येईल. सरांची आई एकदा म्हणाली होती, "पानी पिऊन वांगं कसं डोये मिचकावते पाय." पानावर वर यायचं ते असं: "पाणी मिळाल्यावर वांग्याचे रोप टवटवीत दिसते." आणि म्हातारीचं वाक्य खाली, रेघेच्या पलीकडे. डॉक्टरसाहेबांनी सुरुवातीचं प्रकरण तपासून पाठवलं तेव्हा त्यात खालच्या "डोये"चं लाल शाईने "डोळे" केलेलं होतं, "पानी"चं "पाणी", "पाय"चं "पाहा". अंगवळणी पडलेल्या हाताने केलेल्या दुरुस्त्या होत्या त्या, वाईट हेतू काही नव्हता. सरांनी ते पान नेहमीप्रमाणे उलटं धरून पाहिलं. लाल खुणा सगळ्या तळटिपांच्या एकाच पट्टीत होत्या. 

पुढचा त्रास यंत्राने दिला. पान खाली खाली सरकत गेलं की शेवटच्या काही ओळींना कागद रुळाच्या पकडीतून सुटतो आणि ओळ तिरपी होते. कार्बन लावून चार-पाच कागद एकदम घातलेले असले की जास्तच. मागे जाड पुठ्ठा लावून पाहिला. थोडा फरक पडला, पुरता नाही. एरवी याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण शेवटच्या ओळी म्हणजे तळटिपा, आणि तळटिपा म्हणजे बोली. टंकित पानांचा गठ्ठा सरांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी एकेक पान उलटून पाहिलं. प्रत्येक पानावर त्यांचं स्वतःचं विवेचन सरळ रेषेत होतं आणि त्यांच्या आईचं, चुलत्यांचं, शेजाऱ्यांचं बोलणं घसरल्यासारखं एका बाजूला कललेलं. मी यंत्राची अडचण समजावून सांगत होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

"समजलं," असं म्हणून ते गठ्ठा घेऊन गेले.

त्याच सुमारास डॉ. राजोपाध्ये व्याख्यानासाठी बुलढाण्याला आले. व्याख्यानानंतर कार्यालयात चहा होता. सरांनी तिथेच विषय काढला. मुख्य मजकुरात बोली घ्यावी आणि प्रमाण मराठी तळटिपेत द्यावी, असं त्यांना करायचं होतं. डॉक्टरसाहेबांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले, "इंगळे, मी तुमच्या हिताचं सांगतो. हा प्रबंध मराठीचे प्राध्यापक वाचणार आहेत. तुमच्या मातोश्री नव्हे."

"खरं आहे सर," सर शुद्ध मराठीत म्हणाले. "पण वर जे आहे ते मी लिहिलेलं आहे आणि खाली जे आहे ते त्या बोललेल्या आहेत. प्रबंध कशावर आहे?"

"बोली हा पुरावा आहे. पुराव्याची जागा तळाशी असते."

"म्हणूनच तो तिरपा झाला आहे, सर."

डॉक्टरसाहेबांना या वाक्याचा संदर्भ माहीत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ते इतकंच म्हणाले की अशा स्वरूपावर आपल्याला सही करता येणार नाही. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. मग त्यांनी देऊळघाटला पेरू चांगले होतात का म्हणून विचारलं, आणि सरांनी दुसऱ्या दिवशी पेरूची टोपली त्यांच्या गाडीत पोचती केली.

तरीही सरांनी आपल्याला हवं तसं केलं. सगळा प्रबंध नव्याने टंकित करवला. आता म्हातारीचं वाक्य वर, ठसठशीत, आणि प्रमाण मराठी तळाशी. हे माझ्यासाठी सोपं काम नव्हतं आणि मी तसं म्हणालेही. सर म्हणाले, "बाई, तुमाले तरास होऊन राह्यला हे मले दिसते. पन हे लोकं जलमभर पंक्तीच्या शेवटी बसले. मायाच कागदावर मी त्याइले पुन्हा शेवटी बसवू काय?"  मी नवी रिबन घातली.

प्रबंध गेला आणि बरेच महिने तिकडून काही आलं नाही. मग तो परत आला. सोबत डॉक्टरसाहेबांचं दोन ओळींचं पत्र: स्वरूप बदलल्याशिवाय सादर करता येत नाही, क्षमस्व.

इकडे वेगळीच निकड उभी होती. मराठी विभागाचे प्रमुख निवृत्त होत होते. प्राचार्यांनी सरांना बोलावून स्पष्ट सांगितलं की पदवी हाती असेल तर जागा तुमची, नाहीतर बाहेरून माणूस घ्यावा लागेल. शिवाय प्रबंधाच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. ती संपली की इतक्या वर्षांचं काम पाण्यात. कॉलेजातल्या प्रत्येकाने सरांना सल्ला दिला आणि तो सगळ्यांचा एकच होता: वरचं खाली करा, खालचं वर करा, पदवी घ्या, आणि मग आयुष्यभर काय करायचं ते करा. सल्ला शहाणपणाचाच होता. सर ऐकून घेत आणि मान हलवत. मग ते कार्यालयात यायचे बंद झाले. वर्ग घेत आणि थेट सायकलवर बसून जात. मुठीला जुडी नसे.

अशातच एका बाजाराच्या दिवशी एक म्हातारी कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर रिकामी टोपली, कमरेला पदर खोचलेला, पायांत काही नाही. शिपाई तिला अडवत होता. ती त्याला बाजूला सारून आत आली आणि तिने एकामागून एक सगळी टेबलं पाहिली. मग माझ्या यंत्रापाशी येऊन थांबली. ती इंगळे सरांची आई आहे हे तिने सांगण्याआधीच मला कळलं. नाक तेच होतं.

"हेच काय ते?" तिने यंत्राकडे बोट करून विचारलं.

मी हो म्हणाले आणि तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही. टोपली तिने खाली ठेवली.

"माया निनाजी घरी बोलत नाही," ती म्हणाली. "भाकर खाते अन् मयात जाऊन बसते. गावातले मानसं म्हनतात, तुया लेकाचं काम अडलं. काऊन अडलं म्हनलं तं म्हनतात, त्यानं तुयं बोलनं लिवलं म्हनून अडलं." तिने यंत्राकडे पुन्हा पाहिलं. "माया बोलन्यापायी अडलं असन तं काढून टाका नं बाई. मी काई म्हनत नाही. मले कुठी वाचता येते? सगयं काढून टाका. पोराचं भलं होऊ द्या."

मी तिला सांगायचा प्रयत्न केला की काढून टाकायची गोष्ट नाही, वर-खाली करायची आहे. ते सांगताना माझं मलाच ते विचित्र वाटलं. तिला ते कळलं की नाही ठाऊक नाही. तिने टोपली उचलली. जाताना यंत्रावर हलका हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि गेली.

मी दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर सरांना गाठलं आणि ती आल्याचं सांगितलं. तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. सर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. 

"तिनं काढून टाका म्हनलं?"

"हाव."

"मंग आता तं काढताच येत नाही," ते म्हणाले.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी ते कार्यालयात आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बाई, कागद लावा." मला वाटलं, पुन्हा तेच. पण या वेळी त्यांच्या हातात पेन्सिलीने आखलेलं एक कोरं पान होतं. पानाच्या वरच्या भागाच्या मधोमध उभी मोकळी पट्टी. तिच्या डावीकडे बोली, उजवीकडे प्रमाण मराठी, दोन्हींची पहिली ओळ एकाच रेषेत सुरू. खाली मग पानभर रुंदीचं विवेचन. तळटिपेत फक्त संदर्भ. कुणी वर नाही, कुणी खाली नाही.

ते पान यंत्रावर बसवणं हा खरा व्याप होता. कागद अरुंद, त्यात दोन रकाने. मराठी शब्द लांब, मध्येच तुटू लागले. डावीकडचा मजकूर आधी टंकित करायचा, मग रूळ मागे फिरवून उजवीकडचा. एक टप्पा चुकला की डावीकडचं वाक्य उजवीकडच्याच्या खांद्यावर चढे. आणखी एक अडचण होती. म्हातारीचं बोलणं एका ओळीत संपे आणि त्याचा प्रमाण मराठीतला अर्थ सांगायला तीन ओळी लागत. डावा रकाना जागोजागी रिकामा राही. मला ते भकास वाटलं. मी सुचवलं की डावीकडच्या ओळी जरा लांबवून भरून काढू. सरांनी पान उलटं धरलं, पाहिलं आणि परत दिलं.

"राहू द्या मोकयं," ते म्हणाले. "बोलता बोलता मानूस थांबतेच नं."

सगळा प्रबंध तिसऱ्यांदा टंकित झाला. पत्र्याच्या चौकटीत मधोमध आता एक उभी पट्टी डाख देऊन जोडलेली होती. या वेळी सर तो टपालाने न पाठवता स्वतः घेऊन गेले. मलकापूरपर्यंत एसटी, पुढे रेल्वे. डॉ. राजोपाध्यांच्या घरी काय झालं ते त्यांनी परत आल्यावर सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. डॉक्टरसाहेबांची तब्येत बरी नव्हती. ते पलंगावर बसून एकेक पान पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, ही पद्धत तुम्ही कोणत्या ग्रंथात पाहिलीत? सर म्हणाले, ग्रंथात नाही. लग्नात व्याही-व्याही एका सतरंजीवर बसतात, तशी ही वाक्यं बसवली आहेत. डॉक्टरसाहेब हसले. म्हणाले, व्याह्यांचं पटतं असं फार थोड्या घरांत पाहिलंय. आणि त्यांनी सही केली. त्याआधी पेन्सिलीने एका ठिकाणी खूण केली होती. सरांनी पाहिलं तर ती उजव्या रकान्यात होती: "टवटवीत दिसते" याच्याखाली रेघ आणि समासात एक शब्द, "अपुरे".

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी डावीकडच्या रिकाम्या जागांबद्दल विचारलं म्हणतात. सरांनी काय उत्तर दिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. पदवी मिळाली. विभागाची जागाही मिळाली. देऊळघाटला त्यांच्या आईने पदवीचा कागद हातात घेऊन विचारलं की आता इचारनं संपलं ना, आणि लेक नाही म्हणाला तेव्हा ती पुन्हा निंदायला बसली.

नंतरच्या काळात इंगळे सरांचं पान आमच्या भागात चांगलंच रुळलं. ज्याला ज्याला प्रबंध लिहायचा तो चौकट मागायला येई. सर ती देत, पण आधी वाफ्याचं व्याख्यान ऐकावं लागे. विषय कोणताही असो, माणूस अमडापूरचा असो की वरवट बकालचा, त्याने पान आखलेलं दाखवल्याशिवाय सर लिखाणाला हात लावत नसत. हळूहळू लोकांचा समज झाला की हा विद्यापीठाचाच नियम आहे. अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी कापूस बाजारावरचा अख्खा प्रबंध उजव्या रकान्यात लिहून आणला आणि डावा सबंध कोरा ठेवला. मी विचारलं की असं का. ते म्हणाले, नियमाप्रमाणे जागा सोडली आहे, भरायला काही सापडलं नाही. सरांना हे सांगितलं तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा मोठ्याने हसताना पाहिलं. मग ते गंभीर होऊन म्हणाले की कापूस वेचणाऱ्या बायांना विचारलं असतं तर सापडलं असतं.

त्यांच्यात काही दोष नव्हते असं नाही. हट्टी होते. समास चुकलेली उत्तरपत्रिका ते सरळ बाजूला ठेवत आणि मुलगा हुशार असला तरी दोनदा लिहायला लावत. एका मुलीने त्यापायी मराठी सोडून इतिहास घेतला. सरांना ते कळलं तेव्हा ते तिच्या घरी गेले खरे, पण तिथेही त्यांनी आधी तिची वही पाहायला मागितली. स्वतःच्या नावामागे त्यांनी "डॉ." कधी लावलं नाही. त्यात नम्रता किती आणि अडचण किती, सांगणं कठीण आहे. गावात डॉक्टर म्हटलं की लोक तापाचं सांगायला येत.

पुढे माझी बदली झाली, मग लग्न, मग बुलढाणा सुटलं. सर निवृत्त झाल्याचं ऐकलं, आई गेल्याचंही. बऱ्याच वर्षांनी अमडापूरला एका लग्नात त्यांची गाठ पडली. केस पूर्ण पांढरे, पाठ तशीच ताठ. मंडपात पुरुषांच्या बाजूला बसले होते. नवरदेवाचा कोणी भाऊ नवा प्राध्यापक झालेला होता. त्याने मोठ्या अदबीने माणसांना ओळख करून दिली की हे डॉक्टर इंगळे. जवळच बसलेल्या एका म्हातारीने ते ऐकलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सरकत सरकत त्यांच्यापुढे येऊन बसली. पोरं तिला मागे ओढू लागली, हे तसले डॉक्टर नव्हेत म्हणून. सरांनी त्यांना हाताने थांबवलं.

"मी दवाईचा डाक्टर नोये, माय," ते म्हणाले. "पन सांग. काय होते?"

"गुडघा दुखते बापा."

"दुखते कसा? ठनकते का चमकते?"

म्हातारी विचारात पडली. मग म्हणाली, "ठनकत नाही. उठताना चमकते. अन् बसली का आतून असं कुरतडल्यावानी होते." सर मान हलवत होते. त्यांनी विचारलं की दवाखान्यात दाखवलं का. ती म्हणाली, दाखवलं; नवा डॉक्टर बाहेरगावचा आहे, त्याला तिचं बोलणं कळत नाही आणि तिला त्याचं. तो विचारतो ‘पेन’ होते का, तिला तो इंग्रजी शब्द कळत नाही म्हणून ती म्हणते नाही, आणि तो घरी पाठवतो.

मला परतीची गाडी गाठायची होती, म्हणून मी जेवून लगेच निघाले. एसटीच्या थांब्याच्या वाटेवरच गावचा दवाखाना लागतो. त्याचं दार उघडं होतं. आत टेबलापलीकडे एक तरुण डॉक्टर बसला होता. अलीकडे बाकावर ती म्हातारी, पाय पुढे केलेला. आणि टेबलाच्या कडेला, दोघांच्या मध्ये, लग्नाचा फेटा मांडीवर ठेवून इंगळे सर बसले होते. म्हातारी काहीतरी सांगत होती. ती सांगून थांबली. सरांनी घाई केली नाही. ती आणखी काही बोलते का याची वाट पाहिली आणि मग ते डॉक्टरकडे वळले.